नाव घे, मग हात

"नाव घे, न्हाईतर पुढच्या रविवारी घरी बस!" जयसिंग वरच्या कपारीवरून ओरडला.

खाली त्याची बायको दोन्ही हातांनी कातळाला चिकटली होती. लुगड्याचा काष्टा घट्ट मारलेला, पाठीला भाकरीचं गाठोडं. तिने नाही म्हणून नुसती मान हलवली.

जयसिंग दौंडच्या रेल्वेत पार्सलचा कारकून. एव्हरेस्ट सर झाल्याची बातमी वाचली आणि या बाबाला डोंगराचं वेड लागलं. एव्हरेस्ट काही दौंडात नाही, म्हणून दर रविवारी भांडगावमागचा डोंगर. जोडीला एकही मित्र टिकेना, तेव्हा तो बायकोला नेऊ लागला. तिला तर स्वर्गच सापडला. सहा दिवस चूल आणि सासू, सातव्या दिवशी मोकळा वारा! तेवढा रविवार गेला, तर बाकीचा आठवडा ती कशाच्या जोरावर काढणार?

पण मागच्या खेपेला घोटाळा झाला. "अहो, हात द्या," ती ओरडली आणि हात दिला म्हस्कू मेंढपाळाने. त्याची बायकोही त्याला 'अहो'च म्हणायची, बिचाऱ्याचा काय दोष! जयसिंगला मात्र ते फार लागलं. तेव्हापासून नियम झाला. डोंगरावर नवऱ्याला नावाने हाक मारायची.

"नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी व्हतं," ती म्हणाली. "उखान्यात घेते की. पाटीभर भाकरी, वर कांद्याची फोड…"

"उखाणा नको! नुसतं नाव!"

रागाच्या भरात त्याने पाय आपटला. तिथे तो आपटायचा नव्हता. पायाखालचा धोंडा निसटला आणि थेट तिच्या अंगावर निघाला.

"तुळजा! तुळजा, सरक!"

ती सरकली नाही. ही तुळजा कोण आली, म्हणून मागे वळून बघू लागली. धोंडा खांद्याला चाटून गेला आणि जाताना भाकरीचं गाठोडं घेऊन गेला. तिने वर पाहिलं, तर नवरा दोन हातांवर लोंबकळत होता.

"जयसिंग! डावा पाय खाली घ्या! कपार हाय तिथं!"

आयुष्य कमी व्हायचं तेव्हा होईल, आधी आहे ते तरी वाचू दे. पाय टेकला. जयसिंग घसरत, सरपटत तिच्यापाशी उतरला. घामाने निथळत होता.

"अगं, मेली असतीस! तुळजा तुळजा ओरडतोय, सरकली का न्हाईस?"

"मला वाटलं, दुसरी कुनी बाई हाय. तुळजा कोन?"

"तूच की! लग्नात मीच तांदळात लिवलं!"

"त्याला चार वर्सं झाली. परत कवा तोंडातून काढलंत? तुमचं 'अगं', आत्याबाईंचं 'ए', शेजारनीचं 'वैनी'. माहेरच्या नावानं हाक मारली असती, तर टुनदिशी उडी मारली असती मी."

ती पुढे झाली आणि ती अवघड कपार खारीसारखी चढून गेली. तो मागून निघाला, पण पाय द्यायचा धोंडा मघाशीच निसटला होता. हात पुरेना.

"अगं, हात दे!"

"तुमचं नाव मी घेतलं. आता माझं तुमी घ्या. माहेरचं. न्हाईतर पुढच्या रविवारी तुमी घरी बसा, मी म्हस्कूच्या बायकोला घेऊन येते."

जयसिंगने डोळे मिटले. लग्नाची पत्रिका डोळ्यांपुढे आणली. तिच्यावर ते नाव छापलेलं होतं, चांगलं ठळक.

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी…" तो मोठ्या उमेदीने म्हणाला, आणि पुढचं काही आठवेना.