मीठपाण्याची घागर

अरे, तांबरमच्या शेषगिरीचं ऐका! त्याचा थोरला भाऊ सुंदर जहाजावर वायरलेसवाला. जहाज बुडून वर्ष झालेलं. आणि भर दुपारी शेषगिरीच्या रेडिओवर क्षीण मोर्स, पण टकटक हुबेहूब सुंदरच्याच हाताची!

सिग्नल वाढवायला, रेडिओच्या अर्थिंगची सळई अंगणात पुरलेली, तिथली जमीन ओली हवी. तो अंगणाकडे ओरडला, "वहिनी, दादा बोलतोय! सळईपाशी मीठपाणी ओता!"

तुळसीवहिनीनं घागर ओतली. टकटक वाढली: "पाणी कमरेला."

दुसरी ओतली. "छातीला."

शेषगिरी किंचाळला, "वहिनी, थांबा!"

ती थांबली. जमीन पाणी पीत गेली, तशी टकटक विझत चालली.

"भावजी, जातायत हो ते!" म्हणत तिनं तिसरीही ओतली.

टकटक लख्ख झाली. "गळ्याला. कोण ओततंय?"