अश्वजितले डब्याचं विचारा

"पट्टी काढू नका. तसेच झोपा," भिमाबाई म्हणाली.

दुपारची जेवणं झाली होती. म्हणजे सहदेवचं झालं होतं. त्याच्या बायकोनं, भिमाबाईनं, अर्धी भाकर चिवडून ताट सारलं होतं. आठ महिने तिचं हेच चाललं होतं.

बिडी सुटावी म्हणून चिखलीच्या डॉक्टरनं सहदेवला दंडावर लावायच्या निकोटिनच्या पट्ट्या दिल्या होत्या. झोपताना काढायची, असं बजावलंही होतं. नाहीतर स्वप्नं फार पडतात. काहींना तर स्वप्नातच कळतं की हे स्वप्न आहे, मग हवं ते विचारता-बोलता येतं. सहदेवनं घरी येऊन हे हसत हसत सांगितलं आणि फसला. त्या दिवसापासून बायको काही पट्टी काढू देईना.

तिला गेलेल्या लेकाला एकच विचारायचं होतं.

अश्वजित गेला त्या सकाळी मायलेकाचं वाजलं होतं. "फुकटचं गिळतो नुसता!" ती बोलून गेली. पोरगा भरल्या ताटावरून उठला. तिनं घाईघाईनं डबा भरला, मागं धावत जाऊन त्याच्या गाडीला अडकवला. देऊळगाव राजाच्या अलीकडे ट्रकनं त्याला उडवलं. डबा घरी आला तो रिकामा, धुतलेला. लेकरानं खाल्ला, की कोणी सांडून दिला? राग धरूनच गेला का तो?

"आज तरी आला का?" सहदेव उठला की ती रोज विचारायची.

"नाही वं. आपली मेलेली म्हैस दिसली. मले समजलं बी, हे सपन हाय म्हणून. लय हाका मारल्या त्याले. नाही आला."

"म्हशी बऱ्या दिसते तुमाले!" ती चिडायची. मग रडायची.

आज शेवटची पट्टी होती. उन्हं कलताना सहदेव बाजेवर उठून बसला.

"आला होता," तो म्हणाला.

भिमाबाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "विचारलं?"

"विचारलं. सगळा डबा खाल्ला म्हणे. दोन भाकरी, बेसन. फक्त बेसन लय खारट झालं होतं म्हणे."

"अवो माय!" भिमाबाईनं पदर तोंडाशी धरला. "रागाच्या भरात मीठ दोनदा पडलं होतं माह्या हातून! मी कोणालेच नाही सांगलं हो!"

ती हमसून हमसून रडली. मग रडता रडताच हसली. चुलीपाशी जाऊन तिनं भाकर वाढून घेतली, ती संपवून आणखी एक घेतली. ती जेवताना सहदेव नुसता बघत राहिला. त्याला फार बरं वाटलं, आणि फार वाईटही.

अश्वजित त्याच्या स्वप्नात कधी आलाच नव्हता. आठ महिन्यांपूर्वी पोलिसानं भरलेला डबा हाती दिला. तो तसा घरी नेववेना, तिच्या हातचं फेकवेना, म्हणून दवाखान्याच्या पायरीवर बसून ते खारट बेसन सहदेवनंच घास घास करून संपवलं होतं.