रत्नम्माची साक्ष

दुष्काळात टँकरच्या पाण्याची चोरी उघडी पाडणारे देवणीकडच्या एका गावातले दोन तरुण महिन्याभरात मारले गेले. नव्या जिल्ह्यासाठी उदगीरला निघालेला मोर्चा अर्ध्यावर सोडून सगळे चॅनलवाले त्या गावात येऊन बसले. मारेकऱ्यांना पळताना पाहिलं होतं ते शेळ्या राखणाऱ्या एकट्या रत्नम्मानं, आणि तिचा विश्वास होता तो फक्त लातूरच्या एका लहानशा दैनिकाच्या वार्ताहरावर, विरूपाक्षवर.

"टीव्हीवर बोललीस तरच पोलीस हलतील, आक्का," तो म्हणाला.

"माझं तोंड दिसंल की रं बाबा."

"न्हाई दिसणार. मी सोता हुबा राहतो तिथं."

तो शब्दाला जागला. चॅनलनं तिचा चेहरा धूसर केला, नावही कुठं घेतलं नाही. संध्याकाळी चहाच्या हॉटेलातल्या टीव्हीसमोर गाव जमलं, आणि तिच्या पहिल्याच वाक्याला कुणीतरी म्हणालं, "ही तर आपली रत्नम्मा हाय!"

सकाळी कोरड्या विहिरीत तिचं प्रेत सापडलं. विरूपाक्ष काठावर पोहोचला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. चॅनलचा माणूस घाईत होता.


"सर, तिसरा खून! अजून एखादा साक्षीदार मिळेल का?"