नमुन्याचा डबा

"ताई, आटप की! माल कोरडाठाक आहे," धाकटा भाऊ प्रयोगशाळेच्या दारातून म्हणाला. हा माल नेणाऱ्या जहाजावर त्याची पहिलीच नोकरी होती.

लोहखनिजाची भुकटी ओली असली, तर भर समुद्रात तिचा चिखल होतो आणि जहाज कलंडतं. बाबांचं जहाज तसंच बुडालं.

मी नमुन्याचा डबा टेबलावर पंचवीस वेळा आपटला. पाणी वर आलं नाही. माल जहाजात भरायच्या परवानगीवर सही करायला मी पेन उघडलं.

तेवढ्यात भुकटीवर एकेक करून ओली बोटं उमटली. मधलं अर्धंच, बाबांचं होतं तसं.

"काय गं, कोरडाच आहे ना?"

लहानपणी अभ्यास करता करता डोळा लागला की बाबा घ्यायचे, तसं माझ्या हातातलं पेन कुणीतरी अलगद काढून घेतलं.