कोळशाच्या दुकानाची जागा

ओक्ताव पॅरिसमधल्या आपल्याच गल्लीची चित्रं काढायचा. पावसात भिजलेली, दिव्यांनी उजळलेली ती गल्ली पार अमेरिकेपर्यंत खपायची. फक्त गास्पारच्या कोळशाच्या दुकानाच्या जागी तो फुलांचं दुकान रंगवायचा. "कोळसा कोण टांगणार दिवाणखान्यात?" असं त्याची चित्रं विकणारा दलाल म्हणायचा. आणि ओक्तावला कुणी विचारत नव्हतं, तेव्हा थंडीत त्याच्या दाराशी न मागता कोळशाची बादली ठेवणारा गास्पारच होता.

रविवारी गास्पार बायकोला, फिलोमेनला, नटवून दलालाच्या चित्रांच्या दालनात घेऊन आला. ओक्ताव चटकन खांबाआड झाला.

"चल, आपलं दुकान बघ. बडे लोक विकत घेतात!"

फिलोमेन चित्राजवळ वाकली. "अहो, इथे तर फुलंच आहेत."

गास्पारने चित्रातल्या फुलांवरून नजर फिरवली, मग हसला. "अगं वेडे, पाऊस किती आहे बघ. त्यात आपलं काळं दार दिसणार कसं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओक्ताव खाली गल्लीत उतरला. गास्पारने पोती आत सरकवली होती, उंबऱ्यावर लाल जिरेनियमच्या कुंड्या मांडल्या होत्या.

"काय मस्यू," त्याने हात पुसत विचारलं, "आता शोभू का आम्ही चित्रात?"