पर्णकुटी सोसायटीचं इतिवृत्त

"पर्णकुटी म्हनता, मंग पानं कुठं हायत?" सोसायटीच्या सभेत कमलच्या बाबांनी, झिपरूकाकांनी, पुन्हा विचारलं.

बोईसरच्या त्या सात मजली इमारतीत औषधालाही पान नव्हतं. रंग खराब होतो म्हणून कुंड्यांना बंदी होती. बाबांचं म्हणणं सरळ होतं. पर्ण म्हणजे पान, कुटी म्हणजे झोपडी. पानं लावा, नाहीतर नाव उतरवा. हा अर्थ कमलनेच त्यांना शब्दकोशात काढून दाखवला होता. तेव्हापासून ती पस्तावत होती.

सेक्रेटरी निमेशने तोडगा काढला. गेटवर प्लास्टिकची वेल चढवायची. कोणी सूचक झालं, कोणी अनुमोदक. बाबांनी विचारलं, ही पानं वाळणार कधी? सभा हसली. कमल उठली आणि दर सभेत म्हणायची तेच म्हणाली, "बाबांचं मनावर घेऊ नका."

बाबा गुमान खाली बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चहाचा कप हातात असतानाच ते गेले.

शोकसभाही त्याच हॉलमध्ये झाली. निमेशला खरोखर वाईट वाटत होतं. पण नियम म्हणजे नियम. सभा कोणतीही असो, आधी मागच्या सभेचं इतिवृत्त वाचायचं. हार घातलेल्या फोटोशेजारी उभं राहून त्याने ते वाचलं. लिफ्टचा आवाज. पाण्याची टाकी. वेल. मग विषय चौथा: झिपरूकाकांचं म्हणणं मनावर घेऊ नये. सूचक, त्यांची मुलगी. सर्वानुमते मंजूर.

"काही दुरुस्ती नसेल तर कायम करू या," तो डोळे पुसत म्हणाला.

हात वर व्हायला लागले. जव्हारला आमचं मोठं कौलारू घर होतं, असं कमल कॉलेजात असल्यापासून सगळ्यांना सांगत आली होती. या हॉलमध्येही तिने ते सांगितलं होतं, बाबांच्या देखत. त्यांनी एकदाही खोडून काढलं नव्हतं.

"दुरुस्ती आहे," ती म्हणाली. "लिहून घ्या. जव्हारच्या डोंगरात आमची झोपडी होती. दर वर्षी पावसाआधी बा छपरावर सागाची नवी पानं घालायचा. खालून एकेक पान मी द्यायचे."