बाजारातले शॉकअप

फोन आला तेव्हा तो छपाईयंत्राचे रूळ पुसत होता. शाईच्या हातानेच त्याने फोन उचलला. पलीकडच्या पोलिसाने आधी गाडीचा रंग विचारला, मग बायकोचं नाव, मग तुमच्याजवळ कोणी आहे का, असं विचारलं. तेव्हाच त्याला कळलं.

गाडी डोंगरातल्या वळणावरून खाली गेली होती. जुनी, बुटकी, दोन दारांची स्पोर्ट्स कार. सासऱ्यांनी मुलीसाठी ठेवलेली. तो तिला बेडकी म्हणायचा. बायको म्हणायची, "बेडकी म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा. तुमच्याआधीपासून ती माझी आहे."

रुग्णालयात मेहुणा आधीच पोचला होता. बायकोचा धाकटा भाऊ. त्याचं गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. भिंतीला टेकून उभा होता. "दाजी," एवढंच म्हणाला. गाडी वर ओढली तेव्हाही तोच तिथे गेला. एक चाक निखळून लांब पडलं होतं, असं त्याने परत येऊन सांगितलं.

सगळं आटोपलं. पाहुणे गेले. घरात तो एकटा उरला आणि डोक्यात एकच गोष्ट उरली. शॉकअप.

मागच्या वर्षी बेडकीचे शॉकअप गेले होते. खड्डा आला की दात वाजायचे. मूळ कंपनीने ते बनवणं केव्हाच बंद केलं होतं. मेहुण्याने दुसऱ्या कुणाचे तरी, बाजारात मिळतात ते बसवून दिले.

"बाजारातला माल," तो तेव्हाच म्हणाला होता. "किती टिकायचा?"

"दाजी, हे आपल्या सगळ्यांना पुरून उरतील," मेहुणा हसत म्हणाला होता.

त्याचा काही विश्वास बसला नव्हता. अपघाताच्या आदल्या रविवारी पुढून खडखड ऐकू आली, म्हणून त्याने दारातच जॅक लावला. पुढचं डावं चाक काढलं आणि शॉकअप बोटांनी चाचपला. तेलाचा थेंब नव्हता, दांड्यावर ओरखडा नव्हता.

"काय, सापडली का चोरी?" बायकोने दारातून विचारलं.

"आज नाही सापडली."

"माझ्या भावाने सोन्याचे बसवले असते, तरी तुम्ही ते घासून बघितले असते."

"सोन्याचे बसवायला त्याची ऐपत लागते."

बोलून गेला आणि जीभ चावली. ती आत गेली. त्याने चाक चढवलं, जॅक उतरवला आणि तिची समजूत घालायला आत गेला. दोन्ही ताटं गार झाली, तेव्हा कुठे ती हसली.

तोच तिचा शेवटचा रुसवा.

पोलिसांनी 'वळणावर ताबा सुटला' असं लिहून गाडी सोडली. ती ओळखीच्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये आणून टाकली होती. तो तिथे जाऊन उभा राहिला. मेहुणाही आला होता.

"पुढचा डावा शॉकअप दाखव," तो म्हणाला.

मिस्त्रीने तो बाकावर आणून ठेवला. दांडा तुटला होता. तेल सगळं गेलं होतं.

"हा तुटला, म्हणून चाक गेलं," मिस्त्री खाली बघत म्हणाला.

तो मेहुण्याकडे वळला. "पुरून उरतील ना? बोल की आता!"

"माल हलका निघाला, दाजी. चूक माझी आहे."

"बहिणीला खाल्लंस तू. पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकू नकोस."

मेहुण्याने मान हलवली. गॅरेजच्या फाटकापर्यंत गेला आणि थांबला. "वेळेवर जेवता ना?" त्याने विचारलं. मग तो गेला.

सासूबाईंना त्याने स्वतः जाऊन सांगितलं. त्या मुलाकडेच राहायच्या. त्या दिवसापासून त्यांनी मुलाशी बोलणं टाकलं. ताट वाढायच्या आणि तोंड फिरवायच्या. गोष्ट बाजारात पसरली. ज्याने बहीण मारली, त्याच्याकडून कोण माल घेणार? दुकानात कुणी फिरकेना.

त्याला दया आली नाही. सकाळी अंथरुणातून उठायला त्याला त्या रागाचाच आधार होता.

काही महिन्यांनी मिस्त्रीने बोलावलं. गाडी भंगारात जायची होती, शेवटचं बघून जा म्हणाला. तो दुपारी गेला. मिस्त्रीने चहा पुढे केला. स्वतःचा पेला मात्र तसाच हातात धरून बसला.

"तुमच्या मेहुण्याने दुकान विकलं. उद्या जातोय. लांब कुठेतरी. आईलाही सांगितलेलं नाही."

"जाऊ दे."

"मी त्याला शब्द दिला होता, भाऊ. पण हल्ली मला अन्न गोड लागत नाही."

मिस्त्री उठला. पत्र्यांच्या मागून त्याने एक चाक ओढून काढलं. बेडकीचं पुढचं डावं चाक.

"हे फेकून दे म्हणाला होता. माझ्याने फेकवलं नाही."

तो वाकला. नट बसायची गोल भोकं घासून लांबट झाली होती.

"शॉकअप तुटल्यावर अशी होतात?"

"नाही. शॉकअप धडधाकट होता. तुम्ही यायच्या आधी त्याने इथेच तो वाकवला आणि घणाने तोडला. रडत होता आणि घाव घालत होता."

"पण का?"

मिस्त्री चाकापाशी खाली बसला. एकेका भोकावरून बोट फिरवत राहिला.

"नट नुसते हाताने फिरवलेले होते," मिस्त्री म्हणाला. "पान्याने आवळायचे राहिले होते."